सीट्स्केचा अडलेला काटा

हार्लिंगनच्या बंदरावर मासे विकणारी आमची सीट्स्के अठ्ठावन्नाव्या वर्षी हट्टाने वजन उतरवायला लागली. वसंतापर्यंत बारा किलो गेले आणि मग काटा जो अडला, तो हलेचना. तिने रात्रीचं जेवण सोडलं, पुढे सकाळचा पावही सोडला. वजन तिथंच राहिलं, चिडचिड तेवढी वाढली.

"उपाशी वाघिणीबरोबर राहायची भीती वाटते बुवा," नवरा वीब म्हणायचा.

एकदा बायकांच्या नौकासंघाची कप्तान येल्त्ये मासे घ्यायला आली. पेटी उचलताना सीट्स्केला धाप लागलेली तिने पाहिली.

"चिमणीएवढं खातेस, मग बळ कुठून येणार? अशानं चरबीआधी अंगातली ताकदच झडते. नीट जेव आणि आमच्याबरोबर वल्हं मारायला ये."

"मी? अगं, नाव बुडेल तुमची!"

"बुडाली तर पोहू."

सीट्स्के गेली. सकाळी अंडी, दुपारी पोटभर मासे आणि संध्याकाळी वल्हं, असं सुरू झालं. पहिले काही आठवडे वजन उलट थोडं वाढलं. वीबने तोंड वाकडं केलं, पण हिला गाढ झोप लागत होती, दंड घट्ट होत होते. तिने वजनकाटा सरळ माळ्यावर टाकला.

हिवाळ्याच्या तोंडावर ती तपासणीला गेली, तेव्हा आणखी चार किलो उतरलेले निघाले.

"अजून किती उतरवायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते नंतर बघू," सीट्स्के कोट चढवत म्हणाली. "शनिवारी शर्यत आहे. किनाऱ्यावर या, ओरडायला माणसं कमी पडतायत."