पंखा बंद करा, भाटकर आलेत

भाटकर कुणाच्याही घरी टीव्ही दुरुस्त करायला आले की उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि चप्पल काढायच्या आधी म्हणायचे, "तो पंखा बंद करा." मे महिना असो, घरात सत्यनारायण असो, व्याही बसलेले असोत, पंखा बंद झाल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. मग टीव्हीसमोर मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून ते ऐकत बसायचे. भाईंदरच्या गोडदेवातल्या आमच्या सात मजली बिल्डिंगमध्ये तर अशी पद्धतच पडली होती. लिफ्टच्या जाळीतून त्यांची लाल रेक्झिनची पेटी दिसली की कुणीतरी ओरडायचं, "पंखा बंद करा, भाटकर आलेत!" आणि ज्यांच्या टीव्हीला काहीही झालेलं नसे तेही बटणाकडे धावत. अशा दिवशी अख्ख्या सोसायटीचं लाइटबिल कमी यायचं, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे.

याचं कारण मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "सेट बोलतो, सावंतसाहेब. बारीक बोलतो. पंख्याच्या घरघरीत ऐकायला येत नाय. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा तुम्ही बाजूला ढोल बडवता काय?"

माणूस रत्नागिरीकडचा. बारीक, काटकुळा, शर्टाच्या खिशात चार टेस्टर, त्यामुळे डावीकडे किंचित कललेला. गोडदेव नाक्याच्या मागे त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. त्यात भाटकर आणि टीव्ही एका वेळी मावत नसत. टीव्ही आत असेल तर भाटकर बाहेर स्टुलावर. गल्लीत पाणी भरलं त्या वर्षी तळमजल्यावरचा एक जुना डब्बा टीव्ही गळ्यापर्यंत बुडाला होता. भाटकरांनी तो गच्चीवर नेऊन सुटा केला, पापडासारखा तीन दिवस उन्हात वाळवला आणि चौथ्या दिवशी चालू करून दाखवला. त्यावर पहिलं काय लागलं असेल? हवामानाचा अंदाज. हे मी थोडं वाढवून सांगतोय असं वाटेल. थोडंच.

सेटच्या आधी ते घरातल्या माणसांची तपासणी करायचे. चौथ्या मजल्यावरच्या शाहबेनचा टीव्ही एकदा काळाठिक्कर पडला. भाटकर दहा मिनिटं नुसते बसून राहिले.

"भाटकरभाई, हमने कुछ नहीं किया," शाहबेन म्हणाल्या. "अपने आप बंद हो गया."

"अपने आप सिर्फ सूरज निकलता है, बेन. रिमोट किसने फेका?"

शाहबेननी शाहभाईंकडे पाहिलं. शाहभाई खिडकीतून बाहेर पाहू लागले. जिन्यात मला भाटकर म्हणाले, "सेट खोटं बोलत नाय. माणसं बोलतात. म्हणून आधी माणसांना विचारायचं."

मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि गोष्ट रंगवून सांगणं हा माझा जुना आजार. सोसायटीच्या मोबाईल ग्रुपवर आम्ही प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि भाटकर यांनाही घेतलेलं होतं. त्यांचं नाव तिथं 'भाटकर टीव्ही' असं दिसायचं. त्यांचे पराक्रम मी तिखटमीठ लावून तिथं टाकायचो. बुडालेला टीव्ही माझ्या लिखाणात भाईंदरच्या खाडीत वाहून गेला होता आणि भाटकरांनी तो होडीतून जाऊन आणला होता. लोक हसायचे, पण भाटकरांना पेणकरपाड्यापासून काशीमीऱ्यापर्यंत बोलावणी यायची. ते स्वतः ग्रुपवर कधी अक्षर लिहीत नसत. मला भेटले की म्हणायचे, "साहेब, तुम्ही एवढं लिहिता की मला माझ्याच दुकानात शिरायला भीती वाटते."

नव्या पातळ टीव्हींवर मात्र त्यांचा राग. "पूर्वी सेट बिघडायचा तो आपल्या मनाने. आता कंपनीला विचारून बिघडतो." तरी ते शिकले. साठी उलटल्यावर, नाकावर चष्मा ठेवून, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले.

गेल्या वर्षी गणपतीनंतर सौ.ने हॉलची मांडणी बदलायला काढली. टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर. शनिवारी भाटकर आले, पंखा बंद झाला, त्यांनी भोकं पाडली, टीव्ही नव्या जागी टांगला, वायर पट्टीतून नेली, पाणी पिऊन गेले. रविवारी दुपारी जेवणानंतर मी एकटाच टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर एक लांबलचक मजकूर आला. अपडेट आलंय, ओके करा. मी वाचला नाही. ओके दाबला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या बोर्डावर माझ्या सहीची नोटीस लावली होती, की हल्ली फसवणूक वाढली असल्याने कोणत्याही स्क्रीनवर आलेला मजकूर वाचल्याशिवाय कुणीही ओके दाबू नये. मीटिंगमध्ये त्यावर अर्धा तास बोललोही होतो.

टीव्ही बंद झाला, परत चालू झाला आणि चित्र फडफडू लागलं. उजेड, अंधार, उजेड, अंधार. बातम्या देणारी बाई डोळे मिचकावतेय की काय असं वाटावं. सौ. आतून आली.

"काय दाबलंत?"

"मी? मी रिमोटला हात लावला नाही. काल भाटकरांनी हलवला ना, काहीतरी ढिलं राहिलं असणार."

इतकं सहज बोललो. एखाद्याच्या पायावर चहा सांडावा आणि आपण कप बघत बसावं, तसं.

भाटकर संध्याकाळी आले. पंखा बंद. मांडी घालून बसले. आणि टीव्ही असा शांत, जसा काही शाळेत इन्स्पेक्टर आलाय. एकदासुद्धा फडफड नाही. त्यांनी वायर काढून बघितली, घालून बघितली. मग माझ्याकडे वळले.

"कुणी काय दाबलंन काय? अपडेट-बिपडेट?"

सौ. शेजारीच उभी होती. "छे," मी म्हणालो.

ते गेले, आम्ही पंखा लावला, टीव्ही परत फडफडायला लागला. दुसऱ्या दिवशी ते नवी वायर घेऊन आले. पंखा बंद, टीव्ही शहाणा. सौ.ने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, मोबाईलमध्ये चांगला पडदासुद्धा फडफडतो. मला डोळ्यांनी दिसायला पायजे." शेवटी टीव्ही दुकानात घेऊन गेले. त्या फटीत पंखा नव्हताच. तिथं तो चार दिवस एकसारखा चालला. परत आणून टांगला, भाटकर लिफ्टने खाली पोचले नसतील तोवर फडफड सुरू.

मग मी ग्रुपवर लिहिलं. लिहिल्याशिवाय राहवलंच नाही. 'आमचा टीव्ही भाटकरांना सुनेने सासऱ्याला घाबरावं तसा घाबरतो. ते असेपर्यंत पदर सावरून बसतो, पाठ वळली की अंगात येतं.' हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस. दुसऱ्या दिवशी भर घातली, 'आता पुढच्या वेळी भाटकर पेटीऐवजी लिंबू-मिरची आणणार.' कुणीतरी लिहिलं, काका आता थकले. कुणीतरी लिहिलं, नवीन टीव्ही त्यांना देऊच नये. शाहबेननी आपल्या टीव्हीसाठी काशीमीऱ्याहून दुसरा माणूस बोलावला आणि त्याचा नंबर ग्रुपवर टाकला. पाठोपाठ पाचसहा जणांनी त्याला आभाराचे हात जोडले. ते सगळं त्याच ग्रुपवर, जिथं 'भाटकर टीव्ही' हे नाव होतं.

त्यानंतर ते आले तेव्हा पेटी उघडलीच नाही. पंखा बंद करून बराच वेळ ऐकत राहिले. घाम निथळत होता. मग म्हणाले, "माझा कान गेला, सावंतसाहेब. तो काहीतरी सांगतोय आणि मला कळत नाय. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं." मी हसून म्हटलं, "अहो, टीव्ही आहे तो, चालायचंच." ते हसले नाहीत.

दिवाळीनंतर त्यांनी दुकान सोडलं. बोलावणी थांबली होती हे खरं. पण बोलावलं तरी ते जात नव्हते, हे मला नंतर कळलं. स्वतःवर भरवसाच राहिला नव्हता. गावी जायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला आले. दारातच उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पंखा बंद करायला सांगितलं नाही. काम नव्हतं ना. माझ्या खांद्यावरून त्यांची नजर आत गेली. पंखा गरगरत होता आणि टीव्ही फडफडत होता.

"दाखवलंन एकदाचं," ते पुटपुटले. चप्पल पायात तशीच ठेवून एक पाय आत टाकला. बघत राहिले. मग वळून मला विचारलं, अगदी हळू, "साहेब, त्या दिवशी काय दाबलं नव्हतं ना? नक्की?"

सौ. चहा घेऊन मागे उभी होती. भाटकरांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की मी 'दाबलं होतं' म्हटलं असतं तर तो माणूस गाडी सोडून तिथंच मांडी घालून बसला असता.

"नाही हो," मी म्हणालो. "आता जाऊ द्या ते. चहा घ्या."

त्यांनी पाय मागे घेतला. चहा उभ्यानेच घेतला. "मग माझंच काहीतरी राहिलं असणार," म्हणाले आणि गेले.

जानेवारीत आमच्याकडे चार दिवस थंडी पडली. पंखे बंद झाले आणि टीव्ही एकदम सुधारला. पुण्याहून मुलगी आली होती, तिने उगाच पंखा लावला तशी फडफड सुरू. तिने बंद केला, थांबली. परत लावला, सुरू. समोरची बिल्डिंग आमच्या खिडकीला चिकटलेली, त्यामुळे हॉलमधली ट्यूब दिवसाही चालू असते. नव्या भिंतीवर टीव्ही गेल्यापासून ट्यूब आणि टीव्ही यांच्या मधोमध पंखा आला होता. पात्यांची सावली टीव्हीवर पडत होती.

"पण सावलीने चित्र कसं हलेल?" मी विचारलं.

ती सेटिंगमध्ये शिरली. "हे बघा ना बाबा. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा आपोआप कमीजास्त. पात्याची सावली पडली की टीव्हीला वाटतं अंधार झाला, सरकली की वाटतं उजेड झाला. अपडेटबरोबर चालू झालं असणार. कधी केलंत अपडेट?"

तिने ते बंद केलं. पंखा पाचावर ठेवला. चित्र दगडासारखं स्थिर. सौ. माझ्याकडे बघत होती. स्वयंपाकघरात निघून गेली.

भाटकरांना फोन करायचा होता. आज करू, उद्या करू. काय बोलायचं याची मी इतकी रूपं मनात रचली की एकाहून एक सरस किस्से तयार झाले. त्यातला एकही भाटकरांना ऐकवता येण्यासारखा नव्हता. मार्च उजाडला. शेवटी लावला, तर त्यांच्या पत्नीने उचलला.

"होळीच्या आदल्या दिवशी गेले," वहिनी म्हणाल्या. "छातीत दुखलं, तालुक्याला नेईपर्यंत संपलं."

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या त्या टीव्हीचं कळलं काय? हे सारखा तोच विषय काढायचे. आमच्या पडवीत बसून कागदावर वायरींची चित्रं काढायचे."

मी सगळं सांगितलं. अपडेट, ओके, पंखा, आणि दोनदा बोललेलं खोटं.

"म्हणजे ह्यांचं काय चुकलं नव्हतं."

"नाही वहिनी. काहीच नाही."

"मग तेवढं ग्रुपवर लिहा. तुम्ही लिहिलेलं सगळं ते वाचायचे. मला मोठ्याने वाचून दाखवायचे, हसायचे, आणि मग मोबाईल पालथा घालून ठेवायचे. मोबाईल माझ्याकडे चालू आहे. मी बघेन."

संध्याकाळी मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मीठ न घालता. टीव्ही मी बिघडवला, ओके मी दाबला, भाटकरांना विचारल्यावर दोनदा खोटं बोललो, त्यांच्या कामात काहीही चूक नव्हती. ते गेल्याचं मुद्दाम वेगळं कळवणार होतो. एकाच मजकुरात घातलं असतं तर लोकांनी हात जोडून फुलं वाहिली असती आणि माझी कबुली त्या फुलांखाली झाकली गेली असती.

पहिलं उत्तर मिनिटाभरात आलं. 'सेक्रेटरी, जबरदस्त! पंख्याची आयडिया एक नंबर.' मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे, ओळीने. शाहबेननी लिहिलं, 'सावंतभाई, आप भी ना!' तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी, 'आता भाटकर पंखे दुरुस्त करणार का?'

मी लिहिलं, 'हे खरं आहे.'

त्यावर आणखी हसले.

तिसरा मजकूर लिहायला घेतला होता, ते गेल्याचा. तेवढ्यात पडद्यावर एक बारीकशी ओळ आली, जी ग्रुप चालवणाऱ्यालाच, म्हणजे मला एकट्यालाच दिसते. 'भाटकर टीव्ही' यांनी ग्रुप सोडला.