कठड्यासाठी बारावं कार्ड

गल्लीत त्यांना कार्डवाल्या काकू म्हणतात. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे आणि दुपारचा चहा झाला की मशीनच्या फळीवरच पोस्टकार्ड लिहायला बसायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. गटाराचं झाकण गेलं, लिहा कार्ड. दिवा बंद, लिहा कार्ड. आणि दिवा लागला की आभाराचंही कार्ड! "शिव्या द्यायला सगळे पुढे, शाबासकी द्यायची म्हटली की लोकांचा हात आखडतो," असं त्यांचं म्हणणं. नगरपालिकेतल्या एका कारकुनाने त्यांचं एक कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. हे कळलं त्या दिवशी काकूंनी आनंदाच्या भरात दोन सदऱ्यांना उलट्या बाह्या लावल्या.

पाकिटात घालून का नाही पाठवत, असं कुणी विचारलं तर हसायच्या. "अहो, पाकीट साहेबाच्या टेबलावर गेलं की गेलं. कार्ड पोस्टमन वाचतो, शिपाई वाचतो, कारकून वाचतो. साहेबापर्यंत पोचेस्तोवर चार माणसं विचारायला लागतात, त्या बाईंच्या कामाचं काय झालं?"

पण एका कामाने त्यांना रडकुंडीला आणलं. घर उंचावर, खाली रस्त्यापर्यंत बत्तीस दगडी पायऱ्या, आणि कठडा नाही. सात महिन्यांपूर्वी काका, म्हणजे त्यांचे यजमान, तिथे घसरले. हाड जुळलं, पण माणूस काही घराबाहेर पडेना. "बाहेर काय ठेवलंय?" म्हणायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस, आता खिडकीत बसून लोकांच्या गाड्या बघायचा. काकूंचा जीव तुटायचा.

कठड्यासाठी अकरा कार्डं गेली. महोदय, विषय, संदर्भ, सगळं जिथल्या तिथे. कुणी ढिम्म हललं नाही. बाराव्याला काकूंचं डोकंच फिरलं. विषय नाही नि संदर्भ नाही, सरळ लिहिलं: "हे म्हणतात, बाहेर जावंसं वाटत नाही. खोटं आहे. हे घाबरलेत. रोज संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो, ते बंद झालं. मला फार एकटं वाटतं. कठडा द्या."

पंधराव्या दिवशी माणसं आली, लोखंड आलं, दोन दिवसांत कठडा उभा! काकूंना आकाश ठेंगणं झालं. पण वेल्डर पाणी प्यायला वर आला आणि काकांना म्हणाला, "काका, आता बिनधास्त उतरा. तुमचं कार्ड आम्ही सगळ्यांनी वाचलंय."

झालं! "घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडलंस?" काका कडाडले. "मी घाबरलो? मी?" त्यानंतर दोन दिवस अबोला. काकूंनाही वाटलं, करायला गेले एक आणि झालं भलतंच. कठडा मिळाला, पण माणूस आणखीच आत जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी काकांनी काकूंच्याच गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड ओढलं आणि तासभर लिहीत बसले.

"द्या, पेटीत टाकते मी," काकू म्हणाल्या.

"तू? तू गटारात टाकशील." आणि ते चपला शोधायला गेले. सात महिने पलंगाखाली पडलेल्या चपला, सापडायला वेळ लागला. कार्ड टेबलावरच राहिलेलं. काकूंनी ते वाचलं. न वाचून सांगतात कुणाला!

"महोदय, मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. बायको तिखटमीठ लावून लिहिते. तरी कठडा मजबूत आहे, आभारी आहे. ता. क. कठडा उंच झाला आहे, तिचा हात नीट पुरत नाही. पिशव्या घेऊन दिवसातून चारदा तीच चढते. त्याच्या खालच्या बाजूला हाताला येईल अशी आणखी एक नळी लावावी."

काकांनी येऊन कार्ड उचललं, बाहेर पडून कठडा घट्ट धरला आणि एकेक पायरी उतरू लागले. विसाव्या पायरीवर थांबून वर ओरडले, "बघत काय उभी राहिलीस? ये की!"

काकूंनी डोळे पुसले आणि चपला न घालताच खाली धावल्या.