तिसरी सुई

गेली काही वर्षे पितृपक्ष सरला की आमच्या घरी फ्लूची लस येते. काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून कंपाउंडर बर्फाचा थर्मास खांद्याला अडकवून पायीच येतो. त्यातून दोन सुया निघतात, एक माझी आणि एक माझ्या पत्नीची. मी उपरणे बाजूला सारून डावा दंड पुढे करतो आणि सुई आत असेपर्यंत मनात मृत्युंजयाचा जप करतो. हा जप मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनी ग्वाल्हेरहून आमच्याकडे आल्या, त्या काशीवासासाठी. देह पडेपर्यंत हे क्षेत्र सोडणार नाही, हा संकल्प राजा घाटावर मीच सांगितला आणि त्यांनी हातावरून पाणी सोडले. जन्मभर पाठशाळेत धर्मशास्त्र शिकवल्यामुळे असा अधिकार घरातही माझ्याकडेच असे. त्यानंतर वहिनींनी एकच गोष्ट मनाशी धरली. पाच कार्तिक ओळीने, एकही दिवस न चुकवता, पंचगंगा घाटावर पहाटेचे स्नान करायचे. तीन कार्तिक निर्विघ्न पार पडले. चौथ्यात ताप आला, आठ दिवस अंथरुणात गेले आणि नेम मोडला. पंचाहत्तरी उलटलेल्या त्या बाईने कसलीही तक्रार न करता पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचे ठरवले.

पुढच्या आश्विनात कंपाउंडर आला, तेव्हा पाठशाळेतले माझे एक जुने सहाध्यापक नवरात्रातल्या उरलेल्या पाठांचे ठरवायला आले होते. माझी सुई झाली, पत्नीची झाली. तेवढ्यात माजघराच्या दारातून वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी पोलक्याची बाही दंडावर सरकवली.

"भावजी, यंदा मलाही एक टोचून घ्यायची आहे."

पत्नी आधी हसली. "अगबाई, जाऊबाई! तुम्ही तर सुटायला आलात ना काशीला? मग ही नवी गाठ कशाला मारता?"

सहाध्यापकांनाही चेव आला. "यम दारात आला, तर त्याला दंडावरचा व्रण दाखवणार वाटतं वहिनी!"

कंपाउंडर बिचारा खरोखरच विचारू लागला, "माताजी को भी लगा दें, पंडितजी? आधे घंटे में ले आऊँगा."

वहिनींच्या चेहऱ्यावर हसू नव्हते आणि रागही नव्हता. "यमाचं काही नाही हो. मागच्या कार्तिकात ताप आला न् नेम मोडला. पुन्हा मोडायला नको, एवढंच."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी जन्मात कधी आवाज चढवून बोललेलो नाही, आणि तेव्हाही बोललो नाही. अत्यंत मृदू स्वरात मी म्हणालो, "वहिनी, हातावर पाणी सोडून ज्याच्या स्वाधीन झालात, त्याच्यावर आता पहारा बसवता?"

"वा!" सहाध्यापक म्हणाले.

मलाही ते वाक्य आवडले. ते उच्चारताना उजव्या हाताने मी माझ्या दंडावरचा कापसाचा बोळा दाबून धरला होता, हे वहिनींनी पाहिले. त्यांनी बाही हळूहळू खाली ओढली, "बरं" म्हणाल्या आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. कंपाउंडर थर्मास बंद करून गेला.

कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटेपासून वहिनींचे स्नान सुरू झाले. काठी टेकत त्या मंगला गौरीच्या देवळापर्यंत जात आणि तेथून पायऱ्या उतरत. परतताना त्यांच्या ओल्या लुगड्याची रेघ गल्लीत उमटलेली असे. पंधरवडा नीट गेला. मग एका सभेहून मी शिंका घेऊन आलो. दोन दिवस अंग दुखले, तिसऱ्या दिवशी मी पाटावर बसून जेवलो. पत्नीला नुसता खोकला झाला. चौथ्या दिवशी वहिनींचे डोळे लाल दिसू लागले.

त्या पहाटे पत्नी दाराशी आडवी उभी राहिली. "जाऊबाई, अंग तापलंय तुमचं. आज नको."

"सर गं बाजूला. पहारा बसवायचा नाही, असं भावजींनी सांगितलंय."

मी आतल्या खोलीत जागा होतो. उठून त्यांना अडवणे मला शक्य होते. परंतु अडवावे तर आश्विनातले ते सुंदर वाक्य मागे घ्यावे लागले असते. मी पडून राहिलो. तापातच त्या तीन पहाटा घाट उतरल्या. चौथ्या पहाटे पंचगंगेच्या मधल्या पायरीवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दोघा नावाड्यांनी त्यांना खुर्चीत घालून घरी आणले. ताप छातीत उतरला होता. गल्लीतून प्राणवायूचे नळकांडे वर चढले, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या दिव्यांच्या दिवशी आमच्या घरात त्याचाच फुसफुस आवाज होता.

डॉक्टरांना मी एकांतात विचारले. ते म्हणाले, "लस घेतली असती तर ताप आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण बहुधा इतका आत गेला नसता." त्या "बहुधा"चा आधार मी कितीतरी दिवस शोधून पाहिला. त्याने माझे ओझे पेलले नाही.

वहिनी वाचल्या. भेटायला येणारे म्हणत, विश्वनाथाची कृपा. त्या ऐकून घेत. त्यांचा श्वास मात्र परतला नाही. अंगणातून माजघरात येताना त्या दोनदा थांबतात. घाटाच्या पायऱ्या आता त्यांच्यासाठी उरल्या नाहीत.

यंदाच्या आश्विनात मी आधीच निरोप धाडून तीन सुया मागवल्या. कंपाउंडरने त्या बर्फातून काढून ताटलीत मांडल्या. मी स्वतः वहिनींपुढे पाट ठेवला.

"वहिनी, आधी तुम्ही."

त्यांनी ताटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मला कशाला, भावजी? मला कुठे उतरायचंय आता?"

"तरीही. घरात साथ येते, प्रकृतीला..."

"तुम्ही घ्या. तुम्हाला अजून पुष्कळ बोलायचंय."

पत्नीने मान खाली घातली. या वेळी कोणी हसले नाही. कंपाउंडर घड्याळ पाहू लागला. तेव्हा वहिनींनीच खिडकीतून खालच्या दूधवाल्याच्या म्हाताऱ्या आईला हाक मारली. ती धापा टाकत वर आली, विचारल्याबरोबर तिने पदर कमरेला खोचला आणि दंड पुढे करून नातवाच्या लग्नाच्या हौसेने म्हणाली, "लगाव बबुआ, अबहीं त नाती क बियाह देखे के हौ!" सुई टोचताना ती एवढ्याने ओरडली की वहिनी मनापासून हसल्या. वर्षभरात प्रथमच. माझ्याकडे वळताना ते हसू त्यांनी पुसून टाकले.

सध्या कार्तिक चालू आहे. मी रोज पहाटे पंचगंगेवर जातो आणि येताना तांब्या भरून आणतो. पहिल्या दिवशी तो त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "हे अंगावर शिंपडून घेतलं, तरी अशक्ताचं स्नान पूर्ण होतं. शास्त्राची तशी अनुज्ञा आहे."

"शास्त्र तुमचं, भावजी. माझा नेम पायऱ्या उतरून जायचा होता. पाणी तुळशीला घाला."

तेव्हापासून रोज मी तांब्या आणतो, त्यांच्यापुढे क्षणभर ठेवतो, त्या मान हलवतात आणि मी तो तुळशीत रिकामा करतो. घरातले नेहमीचे पाणी तिला वेगळे मिळतेच, त्यामुळे तुळशीला दुहेरी पाणी होते आहे. खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. वहिनी ओसरीवर तुळशीसमोरच बसतात. त्यांना ते दिसते.