यंदा डिसेंबरात नागपूर नाही

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बाबा संत्र्यांची पेटी घेऊन आले होते. मी पहिल्यांदा इंग्लंडला निघालो होतो, बॅगा वजनाच्या मर्यादेला टेकल्या होत्या, आणि बाबांच्या डोक्यात काय, तर पोराला वाटेत खायला संत्री पाहिजेत! काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "काका, हे नाही जाणार." बाबा तिच्याशी थोडा वेळ भांडले, हरले, आणि मग तिथंच रांगेतल्या लोकांना संत्री वाटत सुटले. लग्नाच्या पंगतीत वाढावं तसं, नको नको म्हणणाऱ्यांनाही. आई तोंडाला पदर लावून हसत होती. रडायचं तिनं आदल्या दिवशीच उरकून घेतलं होतं. मी आत शिरताना बाबा एवढंच म्हणाले, "जाऊन राहिलास तर पूर्ण जा बेटा. एक पाय इथं, एक पाय तिथं ठेवशील तर मधातच पडशील."

बापाचं ऐकलं असतं तर मी त्यांचा पोरगा कसला! मी आलो, पण अर्धाच आलो. मेडनहेडला घर घेतलं, कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन्स कोणत्या दिवशी कोणत्या हे पाठ झालं, बॉयलरवाल्याशी हवामानावर गप्पा मारता यायला लागल्या, पासपोर्टही बदलला. पण ॲन्युअल लीव्ह मात्र सगळी नागपूरची. ख्रिसमसची सुट्टी लागली रे लागली की आम्ही बॅगा बाथरूमच्या वजनकाट्यावर चढवायचो. इकडे आलेल्यांना हे काय सांगायचं, तुमच्याही घरी तेच. ऑफिसात लोक विचारायचे, "गोइंग एनीव्हेअर नाइस?" मी म्हणायचो, इंडिया. "ओह, लव्हली," म्हणून ते पुन्हा स्क्रीनकडे बघायचे. पुढं विचारणार तरी काय बिचारे, दरवर्षी तेच उत्तर.

माझी बायको मृणाल पुण्याची आहे, त्यामुळं ती मुद्द्याचं बोलते. गेल्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी खिडकीबाहेर तो बारीक, चिकट, न थांबणारा पाऊस चालू होता. ती म्हणाली, "आपण इतकी वर्षं इथं राहतोय आणि शेजारचा स्पेन पाहिला नाही. रेवा तेरा वर्षांची झाली. तिला सुट्टी म्हणजे फक्त काकांची घरं आणि पोहे वाटतात." खोटं नव्हतं. वर्गातली मुलं कुठं कुठं जाऊन यायची, आणि आमची लेक नागपुरात एका दिवसात सहा घरचे पोहे खाण्याचा विक्रम करायची. ठरलं मग. डिसेंबरात मालागा. समुद्र, ऊन, किल्ला, चर्च, सगळं एका गावात.

आता हे आईला सांगायचं होतं. बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटी राहते. मी हज्जार वाक्यं मनात घोकली आणि त्या संध्याकाळी फोनवर एका दमात बोलून टाकलं. यंदा डिसेंबरात नाही जमणार आई, रेवाला जरा स्पेन दाखवावं म्हणतो, फेब्रुवारीत मी एकटा येऊन जाईन.

आई म्हणाली, "बरं."

बस. एवढंच. तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना वाटेल, त्यात काय एवढं? पण परक्या देशात बसून आईचं "बरं" ऐकून बघा एकदा. रागावली असती तर मनवलं असतं. रडली असती तर तिकिटं रद्द करून आलो असतो, खरंच आलो असतो. नुसत्या "बरं"चं काय करायचं माणसानं? त्यानंतर तिचे फोनही आखूड झाले. पूर्वी भाजीवाल्यापासून शेजारच्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगणारी बाई आता म्हणायची, "ठेवते रे, बाहेर जायचं आहे." कुठं जायचं आहे, तर सांगत नव्हती. मी मृणालला म्हटलं, आई रुसली. मृणाल म्हणाली, "तुला वाटतं तेवढ्या त्या रिकाम्या नाहीयेत." पण माझ्या मनानं घेतलंच होतं की आपण आईचा डिसेंबर हिसकावला.

निघण्याआधी आणखी एक गंमत झाली. मृणालनं माझी बॅग उघडली आणि कपाळावर हात मारला. सवयीनं मी सुपरमार्केटातून चॉकलेटांच्या पिशव्या भरून आणल्या होत्या. काकांकडे, आत्याकडे, वरच्या गल्लीतल्या पोरांना. "मालागात तुझी कोणती आत्या राहते?" ती म्हणाली. चॉकलेटं शेवटी स्पेनला आलीच. रोज थोडी थोडी आम्हीच खाल्ली, आत्याच्या नावानं.

मालागाचं ऊन मात्र काय सांगू! आमच्या नागपूरच्या हिवाळ्यातलं, गच्चीवर पाठ शेकायचं ऊन. विमानातून उतरलो आणि माझ्या खांद्यांतला ताण आपोआप उतरला. भर डिसेंबरात लोक बाहेर टेबलं टाकून निवांत जेवत होते. कोळशावर सळईला लावलेले मासे भाजले जात होते, त्याचा वास साऱ्या किनाऱ्यावर. मी स्वेटर काढला, मग वरचा शर्ट काढायला लागलो तर रेवा ओरडली, "बाबा, नो! एम्बरॅसिंग!"

पहिल्या दिवशी तिथलं मोठं चर्च, कॅथीड्रल, पाहिलं. त्याचा एकच मनोरा पुरा आहे. दुसरा बांधायचा राहिला तो राहिलाच, आणि गावातले लोक त्याला लाडानं एका हाताची बाई म्हणतात. आपल्या भाषेत थोटी. मी खाली उभा राहून त्या अर्ध्या मनोऱ्याकडे बघत बसलो. आमच्या नागपूरच्या गच्चीवर अशाच सळ्या वर काढून ठेवल्या आहेत. वरचा मजला पोराचा, असं बाबांनी धरलं होतं. पोरगा परत येईना आणि मजला चढेना. मृणालनं ओळखलं असणार, कारण ती म्हणाली, "बघ, इथं अर्ध्या बांधकामाला तिकीट आहे. तुमच्या गच्चीलाही लावू या." मी हसलो आणि आम्ही आत गेलो.

दुसऱ्या दिवशी किल्ला. त्याचं नाव अल्काझाबा. पायथ्याशी रोमन लोकांचं जुनं थिएटर आहे, दगडी पायऱ्यांचं, मोकळ्या आभाळाखाली. पुढं मुसलमान राज्यकर्ते आले, त्यांनी वर टेकडीवर किल्ला बांधला आणि थिएटरचे खांब उचलून वर दरवाजांना लावले. ते मला फारच आवडलं. खाली नाटक बघत उभे असलेले खांब वर जाऊन पहारा द्यायला लागले, आणि आता कुणी सांगितल्याशिवाय कळतही नाही की हे मूळचे इथले नव्हेत. रेवाला म्हटलं, "हे बघ, हे पण आपल्यासारखेच, सेटल झालेत." तिनं त्या खांबाला टाळी दिली. तिचा स्वभाव माझ्यावर गेला आहे, मृणाल काही म्हणो.

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला लहानपणापासून आमच्या डोळ्यांपुढं उभा, पण आत सोडणार वर्षातल्या ठरावीक दिवशीच. इथं तिकीट काढा आणि खुशाल हिंडा. रस्ता वळत वळत चढतो, शत्रू दमावा म्हणून. शत्रूचं माहीत नाही, मी दमलो. वर छोटे हौद, पाण्याचे पाट, कमानी, आणि एका चौकात काय तर संत्र्याची झाडं! फळांनी लदलेली, खाली सडा पडलेला, आणि कोणी ढुंकून बघत नाही. माझ्यातला नागपूरकर खवळून उठला. म्हटलं, "काय लोक आहेत बापा! एवढं सोनं पायदळी तुडवून राहिले!" एक चांगलंसं पडलेलं फळ उचललं, वास घेतला, दाबून पाहिलं, लेकीला पाच मिनिटं लेक्चर दिलं. साल सैल कशी असावी, फोड कशी सुटावी, आंबिया बहार कोणता नि मृग बहार कोणता. मग सोललं आणि चांगली मोठी फोड तोंडात टाकली.

अरे देवा! कडू, आंबट, जहर! डोळ्यांतून पाणी आलं. ती संत्री म्हणे शोभेची, फार तर मार्मालेडची. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाजूच्या बाकावर बसलेल्या दोन स्पॅनिश आजीबाई पोट धरधरून हसल्या. एकीनं मला पाण्याची बाटली दिली.

"बाबा, पण तू तर बोललास तू एक्स्पर्ट आहे," रेवा म्हणाली.

मृणाल तर भिंतीला टेकून खाली बसली. मला चिडवायला तिला म्हणे आयुष्यभर पुरेल एवढं मिळालं. आणि हसता हसता मला एकदम वाटलं, हे आईला सांगायला पाहिजे, आत्ता. ती किती हसेल! स्पेनला आल्यापासून अपराधीपणानं मी तिला फोनच केला नव्हता. तटबंदीवर गेलो, खाली बंदर, बैलांच्या झुंजीचं गोल मैदान, त्यापलीकडे निळा समुद्र. फोन लावला. वाजलाच नाही. पुन्हा लावला. नाही. नागपुरात दुपारचे साडेतीन, आईची चहाची वेळ. या वेळी तिचा फोन बंद कधी म्हणजे कधीच नसतो.

"आजी रागावला आहे का आपल्यावर?" रेवानं विचारलं. मी तिचं मराठी सुधारायचंही विसरलो. बाथरूममध्ये पडली असेल का, ताप आला असेल का, आणि आपण इथं उन्हात संत्री खाऊन राहिलो! शेवटी शेजारच्या देशकर काकूंना लावला.

"काऊन रे, तुला माहीत नाही?" काकू म्हणाल्या. "आई तर कच्छला गेली! कुमुदसोबत. घराला कुलूप आहे, चावी माझ्यापाशी. मले वाटलं तूच पाठवलं."

कुमुद म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. मी "हो हो" म्हणून फोन ठेवला आणि तटावरच बसलो. आधी हायसं वाटलं. मग, लपवत नाही, थोडं लागलं. घराला कुलूप? आमच्या घराला? मी जगात कुठंही असो, त्या घरात आई आहे आणि दार उघडं आहे, हे मी धरूनच चाललो होतो. मला कधीही न जाण्याची मुभा होती, पण तिनं कुठं जायचं नाही, असा काहीतरी अन्यायी हिशेब माझ्या डोक्यात होता आणि मला पत्ताही नव्हता.

खाली उतरून जेवायला बसलो तेव्हा तिचाच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर सगळं पांढरंशुभ्र, त्यावर कलतं ऊन, आणि मधोमध माझी आई. अंगात लाल जॅकेट, डोळ्यांवर गॉगल, पायात स्पोर्ट्स शूज. आईच्या पायात बूट मी जन्मात पाहिले नव्हते.

"हे पाह्य, सगळं मीठ आहे!" ती ओरडली. "चाखून पाहिलं मी! तिकडे रेंज नव्हती रे, आत्ता आली."

"आई, तू सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? हे पांढरं रण थंडीतच राहते. कुमुद दरवर्षी चल म्हणते, आणि दरवर्षी तुम्ही येणार. यंदा तू नाही म्हणालास न, फोन ठेवला आणि लगेच कुमुदला लावला. मग बूट घ्यायचे, रोज सकाळी चालायची प्रॅक्टिस करायची, वेळ कुठं होता बोलायला?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि तुला वाटलं असतं, आईला आपल्याशिवाय करमते."

"करमतं का?"

"बाप्पा! खूपच करमते!"

पलीकडून कुमुदमावशी खो खो हसली, इकडे मृणाल. आईही हसली आणि हसता हसता तिनं गॉगल वर करून डोळे पुसले. "तू येतोस ते मला हवंच असते रे. पण वाट पाहणं हाच एक धंदा होऊन बसला होता माझा. तुझे बाबा गेले तेव्हापासून तर जास्तच."

मी म्हणालो, "माझाही धंदाच झाला होता आई, येण्याचा." हे मी पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "मग दोघंही सुटलो," आणि तिनं फोन फिरवून मला उंट दाखवला.

मी विचारलं, "पुढच्या डिसेंबरात येऊ न?"

"ये न! घर तुझंच आहे. पण तिकिटं काढायच्या आधी मला विचार. कुमुद अंदमान म्हणून राहिली."

मृणालच्या हसण्यानं शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. फोन ठेवताना माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आई, नागपूरला पोचलीस की कळव." आजवर हे वाक्य तिनं मला म्हटलं होतं, मी तिला कधीच नाही. ती म्हणाली, "हौ, कळवते."

आम्ही मेडनहेडला परतलो. पाऊस होता तसाच पडत होता. ती कधी निघणार, गाडी कोणती, अहमदाबादला किती वेळ थांबणार, सगळं मी कुमुदमावशीला विचारून घेतलं होतं, आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये बसून दर थोड्या वेळानं फोन बघत होतो. मॅनेजरनं विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, आई प्रवासात आहे. घर म्हणजे कोणीतरी आपली वाट पाहत बसलेली जागा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या दिवशी ती वाट पाहायची पाळी माझ्यावर आली, आणि तेव्हा मला कळलं की आई ज्याच्याकडे पोचल्याचं कळवते ते तिचं घर मी आहे.

दुपारी मेसेज आला. "पोचले. घरात धूळ खूप. उद्या बोलू, आज झोपते."

मी मीटिंगमध्येच मोठ्यानं म्हणालो, "पोचली!" कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.