वरचा षड्ज कोणाचा

दिल्लीतल्या राष्ट्रीय संगीत पुरस्कारांत आमच्या सरांचं नाव लागलं, तेव्हा त्यांच्या दम्यानं गळ्याचा बराचसा निकाल लावून टाकला होता. सरांनी धारूरच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवलं. मी त्यांचा शिष्य, पोटासाठी पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा. समारंभाचा नियम असा की पुरस्कार घेतल्यावर प्रत्येकानं मंचावर वीस मिनिटं गायचं किंवा वाजवायचं. गळा होता तेव्हा यांना धारूर नकाशावर सापडलं नाही, आणि आता म्हणे गाऊन दाखवा. माझं डोकंच फिरलं.

"तब्येतीचं सांगा की त्यांना. न गाता बी देतील," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या.

"घेईन तर गाऊन घेईन," सर म्हणाले. विषय संपला.

मग आमचं ठरलं. मी मागे तानपुरा घेऊन बसायचं, सरांचा दम तुटला की तिथून सूर धरायचा आणि ते परत आले की गप्प व्हायचं. शिष्यानं मागून अशी साथ करणं सगळ्या मैफलींत चालतं, त्यात लपवाछपवी काही नाही. पण सरांची एक शिस्त होती. वरचा षड्ज आधी गुरूनं लावायचा, शिष्यानं त्यानंतर. इतक्या वर्षांत मी ती एकदाही मोडली नव्हती.

सभागृहात थंडी अशी की तानपुरा पुन्हा पुन्हा बेसूर होत होता. आधी सगळ्यांचे पुरस्कार झाले, मग भाषणं झाली, मग एकेकाचं सादरीकरण. आमच्या आधी दक्षिणेकडच्या एका बाई वीणा वाजवून गेल्या. इतकं सुंदर वाजवलं की मला घामच फुटला. सर मात्र डोळे मिटून स्वस्थ बसले होते.

सरांनी यमन धरला. खालचे सूर छान लागले. श्वास पुरेना तिथे मी भरत गेलो. मग सर हळूहळू वर चढत निषादावर आले आणि थांबले. यमनात निषादावर थांबलं की ऐकणाऱ्याचा जीव षड्जासाठी टांगणीला लागतो. सरांनी हात वर नेला, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. मी वाट पाहिली. हात तसाच वर. शेवटी त्यांनी मान किंचित मागे वळवली, तेव्हा मी षड्ज लावला. लागला तो. असा लागला की माझा मलाच विश्वास बसेना. समोरून टाळ्या आल्या, सर सावकाश खाली उतरले आणि गाणं पार पडलं.

धारूरला परतलो तर ते गाणं गावभर मोबाइलवर फिरत होतं. कॅमेरा त्या घडीला सरांच्या चेहऱ्यावर होता. वर गेलेला हात, मिटलेले डोळे, तोंड अर्धवट झाकणारा माइक, आणि माझा षड्ज. माझं म्हणाल तर एक कोपर दिसत होतं. "सरांनी या वयात काय सूर लावला!" असं जो तो मलाच येऊन सांगायचा. मी हो म्हणायचो आणि मनातल्या मनात जळायचो.

गावानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सरांबरोबर मलाही फेटा, मोठ्या पडद्यावर तेच गाणं, आणि षड्जाला टाळ्यांचा कडकडाट. सर ताडकन उठले आणि माइक ओढून घेतला.

"हा सूर माझा न्हाई. मी लावलाच न्हाई. हा मागं बसलेल्या ह्या पोराचा हाय."

मग सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, "मित्रहो, याला म्हणतात थोरांची नम्रता!" पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जास्त.

"अहो, नम्रता कशाची डोंबलाची! खरं सांगू लागलो मी!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सर संतापले. स्वागतगीताला आणलेली पेटी समोर होती, तिचा सूर त्यांनी दाबून धरला आणि माझ्यापुढे माइक केला. "म्हन बे. निषादावर थांब आन् मग जा वर."

मी गायलो. निषादावर थांबलो, वर गेलो. या वेळी सगळे माझ्याकडेच बघत होते. वाटलं, आता तरी कळेल यांना. मी थांबलो तसे पुढच्या रांगेतले किराणा दुकानदार ओरडले, "हुबेहूब सर! काय तयार केलाय हो गुरूनं!" सगळ्या मांडवानं माना डोलावल्या. डोक्यावरचा फेटा काढून फेकावासा वाटला मला.

परतताना रिक्षात सर बाहेर तोंड करून बसले होते. मीच म्हणालो, "जाऊ द्या सर. तुमच्यासारखा गातो म्हणाले, वाईट काय त्यात?"

"वाईट कावून न्हाई?" सर गर्रकन वळले. "माझ्यासारखा म्हने! माझा षड्ज असा कदी लागलाच न्हाई. जवानीत बी न्हाई. लई घासलं, न्हाई लागला. त्या दिवशी दिल्लीत दम संपला म्हनून मान वळवली न्हवती मी."

"मग?"

"दम व्हता अजून. मला तुझा ऐकायचा व्हता."