माझी ओळ कोण उचलणार?

वरठीच्या स्टेशनावर बाबांनी मोटारसायकल लावली आणि चिन्नोर तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. आई आलीच नव्हती. आपल्या आसगावात धानाची रोवणी चालू होती, चिखल थांबत नाही. निघताना एवढंच म्हणाली, "जाय बाई. पण उपाशी नोको राहू." मी मुंबईच्या म्युझिक कंपनीसाठी गायला चालले होते. काय तो तोरा माझा!

त्याआधीचं तुम्हाला माहीतच आहे, बायांनो. धान लावता लावता मी एक ओळ म्हणायची, तुम्ही वाकल्या वाकल्याच ती उचलायच्या. बांधावर फोन टेकवून काढलेले ते व्हिडिओ कुठच्या कुठे पोचले, आणि कंपनीचा फोन आला.

स्टुडिओत काचेच्या खोलीत मी एकटी, कानाला हेडफोन. पहिली ओळ म्हटली आणि थांबले. संगीतकार म्हणाला, "रुकी क्यों?" पुन्हा म्हटली, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तो चिडलाच. मी तरी काय करू? ओळ म्हटली की मागून तुमचा आवाज यायचाच, जन्माची सवय. शेवटी त्यांनी तुमच्या जागी माझाच आवाज चार वेळा चढवला. माझ्या मागे मीच गात होते. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

सिंगल आलं. पोस्टरवर मी, चमकीचं जॅकेट घालून. गाणं सपशेल पडलं. दुसरं रेकॉर्ड झालंच नाही. कंपनीतल्या मॅडम आधी लगेच रिप्लाय द्यायच्या, मग नुसती निळी टिक दिसायची. वर्षभरात करार संपला. लाजेपायी मी घरी आले नाही. आता ठाण्यात लहान मुलांना गाणं शिकवते, भाड्याच्या खोलीत चिन्नोर शिजवते. वास सुटला की रडू येतं, खोटं कशाला बोलू.

यंदा मात्र हिंमत करून रोवणीला आले. चिखलात उतरले, ओळ म्हटली. आणि तुम्ही? कमरा सरळ केल्या, पदराला हात पुसले आणि फोन काढले! "गाय ना वो, थांबली काहून? तुही शुटिंग करून राहिलो ना आमी."

कोणीच ओळ उचलली नाही. हातात रोपांची पेंडी घेऊन मी उभी. ती स्टुडिओची काच आपल्या धानाच्या बांधीतही आली होती.

तेवढ्यात पार पलीकडच्या टोकाहून ओळ आली. बेसूर, दमलेली. आई. तिनं मान वर केली नव्हती, हातही थांबवला नव्हता. ओळ संपवून म्हणाली, "तुमी काढा फोटू. धान कोन लावन?"

मी वाकले आणि पुढची ओळ म्हटली. तीही तिनंच उचलली.

ठाण्याच्या खोलीत अजूनही मी एक ओळ म्हणते आणि थांबते. तेवढ्या थांबण्यात माझं घर आहे. पण आईची कंबर आता धरते, बायांनो, ती किती वर्षं चिखलात उतरणार? पुढच्या रोवणीले मी येतो. फोन घरी ठेवून या ना वो.