बर्फ, मिरची आणि मिलिंदचा गुडघा

डिसेंबरात आम्ही टेक्सासातल्या शुगर लँडहून निघालो तेव्हा गाडीतला एसी चालू होता आणि सासूबाईंनी कानटोपी घातलेली होती. बर्फात जायचंय म्हटल्यावर त्यांनी घरूनच तयारी केली होती. साडीखाली मिलिंदची जुनी ट्रॅकपँट, वर दोन स्वेटर आणि त्यावर शाल. ह्यूस्टनच्या दमट हवेत त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"आई, थंडी उद्या लागणार आहे," मिलिंद म्हणाला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "मी तयार हाय."

मिलिंद म्हणजे माझा नवरा. तेलकंपनीत इंजिनिअर. स्कीइंगची कल्पना त्याचीच. ऑफिसातली सगळी मंडळी दर हिवाळ्यात न्यू मेक्सिकोच्या डोंगरात जातात, मग आपणच का नाही, असा त्याचा सवाल होता. लायब्ररीतून एक व्हिडिओ कॅसेट आणून, सोफ्यावर बसून, गुडघे वाकवून त्याने सगळा अभ्यास केला होता. आमची अकरा वर्षांची यशोधरा आनंदाने वेडी झाली होती. मी पुण्याची. बर्फाशी माझा संबंध रसवंतीगृहातल्या ग्लासापुरता. पण घरात तिघं एका बाजूला झाल्यावर चौथ्याला कोण विचारतो! तिसऱ्या सासूबाई. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यातले तीन शुगर लँडच्या बंद दारांकडे बघण्यात गेले होते. त्यांना कुठेही जायला चाललं असतं.

टेक्सास संपता संपत नाही. दिवसभर गाडी चालवली तरी आपण टेक्सासातच. "इथं मानसं राह्यत नाहीत का रे?" सासूबाई अधूनमधून विचारत होत्या. रात्री अमरिलोला मोटेलमध्ये उतरलो, घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या आणि सकाळी पुन्हा निघालो. दुपारनंतर मात्र क्षितिजावर काहीतरी निळसर उठलं, त्याच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं आणि यशोधराने काचेला नाक चिकटवलं.

डोंगराच्या पायथ्याचं गाव मातीच्या रंगाचं होतं. सारवल्यासारख्या भिंती, बुटकी घरं आणि दारादारांवर रिस्त्रा (वाळलेल्या लाल मिरच्यांच्या हातभर लांब माळा). त्या बघताच सासूबाईंनी मिलिंदच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव गाडी!"

जिथे थांबलो ते एक छोटंसं खानावळवजा हॉटेल होतं. चालवणाऱ्या बाईंचं नाव रोसा. सासूबाईंच्याच वयाच्या, तशाच ठेंगण्या, कमरेला ॲप्रन. त्यांनी ऑर्डर घेतली आणि विचारलं, "लाल, हिरवी की ख्रिसमस?"

मिलिंदने नम्रपणे सांगितलं, "आम्ही ख्रिसमस करत नाही. आम्ही बौद्ध आहोत."

रोसाबाई आधी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग टेबलाला धरून हसल्या. प्रश्न रश्श्याचा होता. लाल मिरचीचा, हिरव्या मिरचीचा, की दोन्ही? दोन्ही हवे असतील तर तिथे 'ख्रिसमस' म्हणतात. आम्ही चौघांसाठी ख्रिसमस मागवला.

अमेरिकेतल्या तीन महिन्यांत सासूबाईंनी बाहेरच्या प्रत्येक जेवणाला एकच शेरा दिला होता: "आजाऱ्याचं हाय." इथे हिरव्या रश्श्याचा पहिला घास घेतला आणि त्यांनी कानटोपी काढली. दुसऱ्या घासाला नाक वाहू लागलं. तिसऱ्याला डोळे. रोसाबाई घाबरून दुधाचा ग्लास घेऊन धावत आल्या. सासूबाईंनी दूध बाजूला सारलं आणि रिकामी वाटी पुढे केली.

मग त्यांनी पिशवीतून आपल्या ठेच्याची बाटली काढली आणि चमचाभर ठेचा रोसाबाईंपुढे धरला. रोसाबाईंनी तो खाल्ला. डोळे मिटले, स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि आमच्याच टेबलावर खुर्ची ओढून बसल्या. पुढचा अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या. एकीला मराठी येत होतं, दुसरीला स्पॅनिश, आणि मधे मिरचीचे देठ होते. शेवटी मधाबरोबर सोपापिया (मैद्याची टम्म फुगलेली चौकोनी पुरी) आली. "पुरीच हाय," सासूबाईंनी जाहीर केलं, "फक्त गोल करता येत नाही बिचाऱ्यांले."

दुसऱ्या दिवशी डोंगर.

स्कीचे बूट घातले की दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखे होतात. त्यांना त्या लांब पट्ट्या अडकवायच्या, हातात काठ्या घ्यायच्या आणि मग ज्या दिशेला उतार असेल तिकडे आपली इच्छा असो वा नसो, जायचं. नाक सोललेला एक तरुण मास्तर सगळ्या नवशिक्यांना शिकवत होता. थांबायचं असेल तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण करायचा. "पिझ्झाचा तुकडा!" तो ओरडायचा. "पिझ्झा! पिझ्झा!"

तासाभरात यशू शिकली. मी पडायला शिकले. मिलिंद समजावून सांगायला शिकला. घर्षण, गुरुत्वमध्य, सगळं त्याने मला सांगितलं, त्यातलं निम्मं आडवं पडून. सासूबाई खालच्या लॉजच्या मोठ्या काचेमागे गरम कोको घेऊन बसल्या होत्या आणि आमच्यातलं कुणी पडलं की हात उंचावत होत्या. शाबासकी होती की हाक, ते कळलं नाही.

जेवणानंतर मिलिंद म्हणाला, "चला, आता वर. इथे यार लहान मुलं खेळतात."

तारेवरून सरकणाऱ्या खुर्चीत बसून आम्ही तिघं वर गेलो. वरून दिसलेलं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. पांढऱ्या डोंगरांच्या रांगाच रांगा आणि त्यांच्या पलीकडे तपकिरी वाळवंट. खुर्चीतून उतरल्यावर सोपी वाट डावीकडे होती. तशी ठळक पाटी होती. अडचण एवढीच की मिलिंदला फक्त उजवीकडे वळता येत होतं.

तो उजवीकडे गेला. "सुजा-ता!" एवढं ऐकू आलं आणि उतारावरून तो दिसेनासा झाला. त्याला थांबवायला म्हणून मी एक पाऊल टाकलं, पण स्कीवर पाऊल टाकता येत नाही, फक्त सुटता येतं. मीही उजवीकडे सुटले. कशीबशी कडेच्या एका पाइनच्या झाडाला जाऊन धडकले आणि त्याला मिठी मारली.

खाली पाहिलं. उतार नव्हताच, भिंत होती. तेवढ्यात वरून ढग उतरला, भुरभुर बर्फ सुरू झाला आणि भिंतही दिसेनाशी झाली. मिलिंदला हाका मारल्या. उत्तर नाही. मला रडू फुटलं.

यशू आली. तिला डावीकडे वळता येत होतं, ती मुकाट्याने सोप्या वाटेने जाऊ शकली असती. ती माझ्यासाठी इकडे आली होती. "मॉम, लिसन," म्हणून तिने इंग्रजीत भराभर सूचना दिल्या. खांदे असे, वजन तसं. माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरेना. एरवी दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलणारी मी, त्या झाडाला धरून मला एक शब्द कळत नव्हता. "मला नाही येत गं," एवढंच मी म्हणत होते.

ती थांबली. गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "भेऊ नको वं, आई."

आवाज यशूचा, भाषा थेट सासूबाईंची. तीन महिने दोघी एका खोलीत झोपत होत्या, त्याचा हा परिणाम.

"झाड सोड," ती म्हणाली. मी सोडलं. "आता इकडे पाय."

मी आज्ञाधारकपणे तिकडे पाय टाकला. पट्टी सटकली, मी धपकन बसले आणि घसरत जाऊन तिच्याच पायाशी थांबले.

"पाय नाही, पाय!" ती ओरडली आणि दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली. तेव्हा माझ्या पुणेरी डोक्यात प्रकाश पडला. वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे 'पाहा'. बर्फात बसून मी इतकी हसले की भीती निम्मी तिथेच गळाली. यशूही हसत होती.

"माह्याकडे पाय. खाली नको. मोठा पिझ्झा कर. थांब. आता ये."

अशी ती पुढे आणि मी मागे. ढगात फक्त तिचं लाल जॅकेट दिसत होतं. ते जिथे वळलं तिथे मी वळले, किंवा पडले. पडले की ती वर चढून यायची, हात द्यायची आणि म्हणायची, "काही नाही झालं." बरंच काही झालं होतं, पण तिच्या तोंडून ते खरं वाटत होतं.

निम्म्या वाटेवर मिलिंद सापडला. स्की पेट्रोलची (डोंगरावरून जखमींना खाली नेणारं पथक) एक उंच बाई त्याला पिवळ्या गोधडीत गुंडाळून घसरगाडीला बांधत होती. गुडघा मुरगळला होता. तोंड शाबूत होतं. आपण का पडलो, ते तो तिला घर्षणाच्या आधारे समजावून देत होता.

खाली लॉजच्या काचेतून सासूबाईंनी ते पिवळं गाठोडं येताना पाहिलं आणि त्याच्या टोकाला लेकाची टोपी ओळखली. साडी खोचून त्या बर्फातून धावत आल्या. "काय झालं माह्या पोराले?"

"काही नाही आई, गुडघा जरा..."

त्यांनी त्याचे हात चाचपले, तोंडावरून हात फिरवला. पोरगा जिवंत आहे याची खात्री झाल्यावर त्यांचा आवाज परत आला. "कोनं सांगतलं होतं तुले? चाळिशी आली, अक्कल कवा येईन?" आणि बरंच काही. ती उंच बाई अवघडून उभी होती. "काय म्हणतायत त्या?" तिने यशूला विचारलं.

"त्या तुमचे आभार मानतायत," यशू इंग्रजीत म्हणाली.

पायथ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाड मोडलेलं नाही असं सांगितलं, गुडघ्याला पट्टा बांधला आणि मिलिंदला गाडी चालवायला बंदी केली. संध्याकाळी रोसाबाईंकडे पोसोले (मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा रस्सा) खाताना माझ्या लक्षात आलं की आता डोंगर, बर्फ आणि अख्खं टेक्सास माझ्या वाट्याला आलंय. मी आजवर ऑफिस आणि इंडियन ग्रोसरी यापलीकडे फारसं ड्राइव्ह केलं नव्हतं.

घाट उतरताना मिलिंद मागच्या सीटवर पाय पसरून पडला होता. "ब्रेक हळू. गिअर खाली. वळण बघ, वळण!" एका वळणावर सासूबाईंनी मागे मान वळवली. "तू गप बस. सुजाता नेते ना आपल्याले." मग तो गप्प बसला आणि मी नेलं. पहिला तास मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. अमरिलो आलं तेव्हा मी चक्क रेडिओ लावला होता.

घरी आल्यावरच्या रविवारी मित्रमंडळी गुडघा बघायला आली. दारात "जय भीम, काकू" झालं, भज्यांची ताटं फिरली आणि मिलिंदने हकिगत सुरू केली. त्याच्या हकिगतीत डोंगर प्रत्येक पाहुण्यागणिक उंच होत गेला. डावं-उजवं मात्र त्यात कुठेच आलं नाही. मैत्रीण वंदनाने यशूला जवळ घेतलं. "तू सांग बघू, मराठीत. कशी होती ट्रिप?"

"इट वॉज फन, वंदना मावशी," म्हणून यशू जिना चढून गेली.

वंदनाने सुस्कारा सोडला. "बघ. आपल्या मुलांना मराठीचा गंधच नाही. तुझीही तशीच."

सांगावंसं फार वाटलं. पण जे मी तिथे ऐकलं ते पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायचं नव्हतंच. ते त्या ढगात, तेवढ्या उतारापुरतं, माझ्यासाठी होतं. मी म्हटलं, "हो ना गं," आणि वंदनाला आणखी दोन भजी वाढली.